ज्या पॉलिसीवर विश्वास नाही ती टिकवायची नोकरी

मी एका खासगी आयुर्विमा कंपनीत रिटेन्शन टीममध्ये काम करते. ऑफिस अंधेरी पूर्वेला. काम काय, तर ज्या ग्राहकाला पॉलिसी सरेंडर करायचीय, म्हणजे मुदतीआधी मोडून मिळतील ते पैसे घ्यायचेत, किंवा ज्याने हप्ता भरणं थांबवलंय त्याला फोन करायचा, त्याचं ऐकून घ्यायचं आणि पॉलिसी चालू राहील असं बघायचं. आणि ज्या पॉलिसींबद्दल मी दिवसभर बोलते त्यातल्या बहुतेक मी स्वतः घेणार नाही, घरातल्या कोणाला घेऊ देणार नाही. हे माझ्या मॅनेजरलाही माहितीय, त्यामुळे इथे लिहिताना काही लपवाछपवी नाही.

हल्ली माझ्या ओळखीतले बरेच जण एकच प्रश्न विचारतात, की आपण जे बनवतो किंवा विकतो ते आपल्यालाच पटत नसेल तर रोज सकाळी उठून, धक्के खात जाऊन, मन लावून काम कसं करायचं. विचारणारे सगळे तिशीच्या आसपासचे, सगळ्यांवर काही ना काही कर्ज, सगळ्यांना नोकरी सोडणं परवडत नाही किंवा परवडलं तरी लगेच नाही. मला यावर खूप काही म्हणायचंय म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

पहिलं म्हणजे विश्वास बसवायचा प्रयत्न करू नका. आमच्याकडे टाउनहॉल होतात, स्टेजवरून सांगतात की आपण पॉलिसी विकत नाही, आपण कुटुंबाचं भविष्य सुरक्षित करतो, मग एक व्हिडिओ लावतात, लोकांच्या डोळ्यात पाणी येतं. व्हिडिओतली गोष्ट खोटी नसते. पण दुसऱ्या दिवशी हेडफोन लावला की समोर जो माणूस असतो त्याला बँकेत एफडी सांगून पॉलिसी दिलेली असते, आणि कालचा व्हिडिओ आठवून त्याच्याशी बोलता येत नाही. मी बघितलंय की जे लोक जोर लावून स्वतःला पटवत राहतात ते सगळ्यात आधी थकतात, कारण त्यांना दिवसभर दोन कामं करावी लागतात, एक कंपनीचं आणि एक स्वतःची समजूत काढायचं. हे दुसरं काम बंद केलं तरी बरीच शक्ती वाचते.

त्यापेक्षा आपला विश्वास नेमका कशावर नाही हे शोधा, आणि जमलं तर आकड्यात शोधा. नुसतं "आमचं प्रॉडक्ट बेकार आहे" हे चहाच्या टपरीवर बोलायला ठीक आहे, त्यावर आयुष्याचा निर्णय घेता येत नाही.

मी काय केलं ते सांगते. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपणारा जो प्रकार आहे, हमीची रक्कम देणारी बचत पॉलिसी, त्याचं गणित घेऊन बसले. समजा वर्षाला १ लाख हप्ता, १० वर्षं भरायचा, आणि २० व्या वर्षाच्या शेवटी एकरकमी २३ लाख २० हजार मिळणार. ऐकायला छान वाटतं, १० लाख भरले, २३ लाख आले, दुपटीपेक्षा जास्त. विकणारा माणूस कागदावर हेच दोन आकडे लिहितो आणि त्याभोवती गोल काढतो. पण पैसे २० वर्षं अडकलेत ते त्या गोलात दिसत नाही. एक्सेलमध्ये एकाखाली एक दहा वेळा उणे १ लाख लिहा, मग दहा शून्यं, मग २३ लाख २० हजार, आणि आयआरआरचा, म्हणजे वर्षाला खरा परतावा किती पडतो ते काढायचा, फॉर्म्युला लावा. उत्तर येतं साडेपाच टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये टाकले, तिथे एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के दर आहे, तो तसाच राहिला असं धरलं आणि १५ वर्षांनंतर खातं ५ वर्षं वाढवलं, तर साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होतात. सहा लाखांचा फरक. मुलीच्या इंजिनियरिंगच्या एक-दोन वर्षांची फी त्यात निघते.

बरं, पॉलिसीत विमा तरी आहे ना? आहे. साधारण वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे १० लाख. ज्याच्यावर कल्याणच्या किंवा मिरा रोडच्या वन बीएचकेचं कर्ज आहे त्याच्या बायकोला १० लाखांत बँकेचे पैसे सुद्धा फेडता येणार नाहीत. आणि तिशीतल्या, सिगारेट न ओढणाऱ्या, तब्येतीने ठीक माणसाला १ कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वर्षाला साधारण दहा-पंधरा हजारांत मिळतो. तो कोणी स्वतःहून विकायला येत नाही कारण त्यात विकणाऱ्याला फारसं काही सुटत नाही, हप्ताच एवढासा असतो.

हे सगळं मांडल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट झाली आणि खरं सांगते, त्या दिवसानंतर कामावर जाणं सोपं झालं. आमचं प्रॉडक्ट फसवं नाही. करारात जे लिहिलंय ते मिळतं, रुपयाला रुपया. ज्या माणसाला शेअर बाजाराचं नाव काढलं की झोप लागत नाही, ज्याच्या हातात पैसा टिकत नाही आणि जो दर वर्षी धाक असल्याशिवाय एक रुपया बाजूला टाकणार नाही, त्याच्यासाठी ते वाईटही नाही. माझा राग आहे तो दोन गोष्टींवर, एक म्हणजे ते महाग आहे आणि दुसरं म्हणजे ते चुकीच्या माणसाच्या गळ्यात मारलं जातं. हा वेगळा आजार आहे आणि याचं औषधही वेगळं.

कारण बघा, माझा एक चुलतभाऊ झटपट कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपच्या वसुलीत होता. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, धमकावायचं नाही, बदनामी करायची नाही. त्याला सांगायचे की कर्जदाराच्या मेव्हण्याला फोन लाव, ऑफिसात फोन लाव. तो मला म्हणाला, "ताई, मन लागत नाही गं, काहीतरी पुस्तक सांग ना." मी म्हटलं पुस्तक नको वाचूस, नोकरी सोड, घरी मी बोलते काकांशी. तिथे हुरूप शोधणं म्हणजे स्वतःला बधिर करणं. आणि माझी एक कॉलेजची मैत्रीण पवईत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्यांचं प्रॉडक्ट मोठमोठ्या कंपन्या विकत घेतात आणि मग त्यात कोणी लॉगिनच करत नाही. कोणाचं नुकसान नाही, फक्त कोणाला उपयोग नाही. तिचं दुःख खरं आहे, पण तिथे ती डेटाबेसचं जे काम शिकतेय ते उद्या कुठेही चालेल, तिने निवांत शिकावं. तिघांचं वाक्य एकच, "प्रॉडक्टवर विश्वास नाही", आणि तिघांनी करायची गोष्ट वेगवेगळी.

तर माझ्या बाबतीत. विमा या कल्पनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. ज्या शहरात बसून मी हे फोन करते त्याच शहरात १८७० साली बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटी सुरू झाली, आणि तिने भारतीय माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरवला. त्याआधी भारतीय माणसाला विमा मिळालाच तर जादा हप्ता लावून मिळायचा, गोऱ्या माणसापेक्षा त्याचा जीव जास्त धोक्याचा असं धरून. पुढे १९५६ मध्ये २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या सरकारने एकत्र करून एलआयसी केली. माझ्या आजोबांच्या पिढीत घरी येणारा एलआयसीचा एजंट हा घरातलाच माणूस असायचा, तो बारशाला यायचा आणि तेराव्यालाही. दहा घरांनी थोडे थोडे पैसे टाकायचे आणि ज्याच्यावर वेळ आली त्याला द्यायचे, याहून चांगली गोष्ट फार थोड्या धंद्यांत आहे. मला ती कल्पना सोडायची नाहीय. मला तिच्यावर चढवलेलं बाकीचं ओझं आवडत नाही.

आता रोजचं काम. लोकांना वाटतं की रिटेन्शनवाली म्हणजे गोड बोलून माणसाला अडकवून ठेवणारी. तसं करणारे आहेत. पण इथेही गणित केलं तर चित्र बदलतं. वरचीच पॉलिसी घ्या. माणसाने ४ वर्षं ४ लाख भरलेत आणि आता वैतागून म्हणतो की बंद करा. नियमाप्रमाणे चौथ्या वर्षी हमीची सरेंडर किंमत असते भरलेल्या हप्त्यांच्या साधारण निम्मी, म्हणजे २ लाख. आता त्याच्यापुढे प्रश्न असा नाही की ही पॉलिसी घ्यायला हवी होती का, ती तर घेऊन झालीय. प्रश्न असा आहे की आज हातात येणारे २ लाख सोडून, पुढचे ६ हप्ते भरून, शेवटी २३ लाख २० हजार घेतले तर पुढच्या प्रवासात काय परतावा पडतो. तो येतो पावणेआठ टक्क्यांच्या जवळपास! कारण जे नुकसान व्हायचं ते आधीच होऊन गेलंय. म्हणजे जी पॉलिसी पहिल्या दिवशी वाईट होती तीच पाचव्या वर्षी ठेवण्यासारखी असू शकते. तेव्हा मी ग्राहकाला "ठेवा" म्हणते ते मनापासून म्हणते, माझ्या सख्ख्या भावाला पण तेच सांगितलं असतं. आणि ज्याला पुढचे हप्ते झेपणारच नाहीत त्याला पेड-अप करायचा पर्याय सांगते, म्हणजे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेची होऊन चालू. हा पर्याय बऱ्याच लोकांना कोणी सांगितलेलाच नसतो.

उलट बाजूही आहे. पहिल्याच वर्षात माणूस म्हणाला की झेपत नाही, तर पूर्वी पारंपरिक पॉलिसीत त्याचा पूर्ण हप्ता बुडायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला, पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरला असेल तर पहिलं वर्ष संपल्यावर काहीतरी सरेंडर किंमत द्यावीच लागते. माझ्या दृष्टीने गेल्या दहा वर्षांतला हा सगळ्यात चांगला बदल. आमच्या ऑफिसात तेव्हा बऱ्याच जणांची तोंडं उतरली होती, मला मात्र मनातून फार बरं वाटलं होतं.

आणि फ्री लूक. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत, आवडली नाही एवढं कारण सुद्धा पुरतं, पॉलिसी परत करता येते. आधी १५ दिवस होते, २०२४ मध्ये ३० झाले. मुद्रांक शुल्क, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा भाग कापून बाकी पैसे परत. एकदा माझ्या यादीत एक काका आले, महापालिकेतून रिटायर झालेले, एफडी रिन्यू करायला बँकेत गेले आणि वर्षाला २ लाख हप्त्याची, १० वर्षं भरायची पॉलिसी घेऊन घरी आले. त्यांना वाटत होतं २ लाख एकदाच. मी विचारलं, "काका, कंपनीचं पाकीट आलंय का घरी? कधी आलं?" ते म्हणाले, "आलंय की पोरी, मागच्या आठवड्यात, जाडजूड आहे, मी उघडलंच नाही." मी त्यांना फोन चालू ठेवूनच पाकीट उघडायला लावलं, तारीख बघायला लावली, फ्री लूकचं पान काढायला लावलं, आणि अर्जात काय लिहायचं ते एकेक ओळ सांगितलं. पोचपावती घ्या, नुसता तोंडी निरोप देऊन येऊ नका, कंपनीने महिनाभरात ऐकलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर सांताक्रूझला विमा लोकपालाचं ऑफिस आहे, तिथे तक्रारीला एक रुपया लागत नाही, हेही सांगितलं.

हा फोन माझ्या टार्गेटच्या विरोधात होता. आमचं मोजमाप "सेव्ह" वर चालतं, किती पॉलिसी वाचवल्या. मी मॅनेजर सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, फ्री लूकमधल्या केसेस माझ्या सेव्हमध्ये मोजू नका, तो ग्राहकाचा हक्क आहे, तिथे मी थांबवायचं काम करणार नाही, माझे बाकीचे आकडे बघा. ते लगेच हो म्हणाले नाहीत. बरेच दिवस गेले, मी तेच तेच शांतपणे सांगत राहिले, आणि शेवटी टीमसाठी वेगळा कोड आला, चुकीचं सांगून विकलेल्या केसेसचा. आता त्या केसेस विक्रीच्या लोकांकडे जाब विचारायला जातात. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

इथे मला जे कळलं ते असं, की पूर्ण नोकरीवर विश्वास असायची गरज नाही, पण आपण स्वतः तोंडाने काय बोलणार आणि काय नाही हे ठरलेलं पाहिजे, आणि ते वेळ यायच्या आधी ठरलेलं पाहिजे. "एफडीसारखंच आहे" हे मी बोलत नाही. "बंद केलंत तर पुढे कर्ज मिळायला त्रास होईल" हे बोलत नाही, कारण ते खरं नाही. रडणाऱ्या माणसाला त्याच फोनवर हप्ता भरायला लावत नाही, उद्या बोलू म्हणते. ही यादी मोठी नाही पण पक्की आहे. आणि कंपनीत हे चालवून घेतलं जात नसेल, म्हणजे तुम्ही खरं बोलल्यामुळे तुमच्यावर कारवाई होत असेल, तर मग हा प्रश्न उत्साहाचा राहतच नाही.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल लिहायचंय त्याकडे येते.

लॅप्स होऊ घातलेल्या, म्हणजे हप्ता न आल्याने बंद पडायला आलेल्या, पॉलिसींची यादी रोज येते. हप्त्याची तारीख गेली, पैसे आले नाहीत, फोन लावा. मी एका नंबरवर फोन लावला, बाईंनी उचलला, विरारच्या. ज्यांच्या नावाची पॉलिसी त्या साहेबांना फोन द्या, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ते गेले. अठरा दिवस झाले." मग माझ्याआधी त्याच बोलल्या, की मॅडम, आमचा हप्ता राहिलाय माहितीय, आजारपणात पैसे गेले, आता ही पॉलिसी बंदच करा, पुढे भरणं होणार नाही. त्यांना वाटत होतं मी वसुलीला फोन केलाय, आणि हप्ता चुकला म्हणजे पॉलिसी संपली.

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ग्रेस पीरियड. हप्ता मासिक असेल तर १५ दिवस. त्या काळात विमा चालू असतो. मी स्क्रीनवर तारीख बघितली, त्यांनी सांगितलेली तारीख बघितली, पुन्हा बघितली. हप्त्याच्या तारखेनंतर नवव्या दिवशी गेले होते ते. विमा चालू होता. मी म्हटलं, ताई, एक रुपया भरू नका, आणि पॉलिसी बंद करायचा कुठलाही कागद सही करू नका, तुम्हाला क्लेम करायचाय. राहिलेला हप्ता ते क्लेमच्या रकमेतून कापून घेतील. त्या काही बोलल्याच नाहीत थोडा वेळ. मग मागून कोणीतरी विचारलं कोणाचा फोन, आणि त्या म्हणाल्या, थांब, मॅडम काहीतरी सांगतायत.

मृत्यूचा दाखला, पॉलिसीची मूळ प्रत, त्यांचं ओळखपत्र, रद्द केलेला चेक, क्लेमचा फॉर्म, दवाखान्याचे कागद. सगळं लिहून पाठवलं, मराठीत, साध्या भाषेत. पॉलिसीला ३ वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनीला आता "आजार लपवला होता" वगैरे म्हणून क्लेम नाकारता येत नव्हता, तेही सांगितलं कारण त्यांना तीच भीती होती. चौकशी लागणार नसेल तर कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. क्लेम डिपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर, माझा त्यांच्याशी संबंध नाही, पण मी लंचमध्ये जाऊन विचारत राहिले. पैसे मुदतीत गेले.

रक्कम होती १० लाख. आणि माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकदम आल्या आणि अजूनही दोन्ही तशाच आहेत. एक, की हे १० लाख त्या बाईला त्या फोनमुळे कळले, नाहीतर त्यांनी पॉलिसी मेली असं धरून सोडून दिली असती. दुसरी, की त्याच माणसाने वर्षाला भरलेल्या पैशाच्या छोट्याशा भागात टर्म विमा घेतला असता तर हाच आकडा १ कोटी असता. पहिल्या गोष्टीसाठी मी कामावर जाते. दुसरी गोष्ट पहिलीमुळे खोटी होत नाही आणि मी ती होऊ देणार नाही.

अ‍ॅडम ग्रँट नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा २००७ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका अमेरिकन विद्यापीठाच्या कॉल सेंटरमध्ये माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मागणारे लोक होते, कंटाळवाणं काम, दिवसभर नकार ऐकायचे. त्यांच्यातल्या काहींना शिष्यवृत्ती मिळालेल्या एका मुलाशी पाच मिनिटं भेटवलं. महिन्याभराने बघितलं तर भेटलेल्या लोकांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता, आणि देणगीही तशीच वाढलेली. कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये हा प्रयोग सारखा सांगतात, की बघा, ज्याच्यासाठी काम करतो त्याला भेटा म्हणजे जोश येईल. मला पटतं, विरारच्या ताईंनंतर माझं तसंच झालं. पण ट्रेनिंगवाले एक भाग सोडून देतात. त्या कॉल सेंटरमधले पैसे खरंच त्या मुलापर्यंत पोचत होते. आपल्या कामाने ज्याचं वाईट होतंय त्याला भेटवलं तर जोश येणार नाही, जो आहे तोही जाईल, आणि गेलेलाच बरा. रिटायर झालेल्या काकांशी बोलल्यावर मला जे वाटलं तेही खरंच होतं. म्हणून माझा सल्ला असा, की प्रॉडक्टच्या शेवटच्या टोकाला जो माणूस आहे त्याच्याशी बोला, नक्की बोला, पण जोश मिळवायला नाही, उत्तर मिळवायला. तुमचं काम त्या टोकाला पोचल्यावर कोणाचं काय होतंय. दहा-वीस लोकांशी बोललात की राहायचं की जायचं हे कोणाला विचारावं लागणार नाही.

पगाराबद्दल पण बोलते. आम्ही डोंबिवलीला राहतो, घराचा हप्ता आहे, सासूबाईंची औषधं आहेत, मुलीची शाळा आहे. मी पगारासाठी काम करते आणि हे सांगताना मला अजिबात कमीपणा वाटत नाही. मराठी घरात एक विचित्र ओझं असतं, की काम म्हणजे पूजा वगैरे, मग कामात मन नसलं की माणसाला अपराधी वाटायला लागतं. पहाटे उठून डबे करून, डोंबिवलीहून गाडीत शिरून, घाटकोपरला उतरून मेट्रोच्या जिन्याच्या त्या गर्दीतून रोज वेळेवर पोचणारी बाई आळशी नाहीय, तिला प्रेरणेची भाषणं द्यायची गरज नाही. तिला फक्त हे माहिती असलं पाहिजे की आजच्या दिवसातला कुठला तास तिच्या मनासारखा आहे. माझ्या दिवसात तो तास असतो सकाळचा, ग्रेस पीरियडच्या यादीचा. मी ती यादी आधी घेते, ताज्या डोक्याने, बाकीच्या फॉलोअपच्या याद्या जेवणानंतर.

मार्चमध्ये मात्र हे सगळं अवघड होतं. जानेवारीपासूनच विक्रीवाल्यांचा जोर चढतो, नव्या करप्रणालीत हप्त्यावरची करसवलत नसली तरी टॅक्स वाचवा म्हणून विकणारे अजून विकतातच, आणि या मार्चला घाईत विकलेली पॉलिसी पुढच्या मार्चला हप्ता न भरता आमच्याकडे येते. आमच्या भाषेत तेरावा महिना. ते दिवस निभवायचे असतात, त्यात उत्साह शोधायला जायचं नाही. मी त्या महिन्यात मोठे निर्णय घेत नाही, राजीनाम्याचे ड्राफ्ट लिहीत नाही, आणि शनिवारी फोन बंद ठेवते.

माझ्या नणंदेने मध्यंतरी विचारलं होतं की वहिनी, कुठली पॉलिसी घेऊ, तुमच्याकडची घेऊ का. मी म्हटलं नको, टर्म घे आणि बाकीचे पीपीएफ आणि इंडेक्स फंडात टाक. ती हसली नाही, तिने सरळ विचारलं, "मग तू तिथे काय करतेस?" मी तिला वरचं सगळं सांगितलं, अगदी आकड्यांसकट. तिला पटलं की नाही माहिती नाही, पण मला सांगताना कुठेही अडखळायला झालं नाही. मैत्रिणींना मी हीच परीक्षा सांगते, की घरातल्या जवळच्या माणसाला आपण दिवसभर काय करतो ते गाळल्याशिवाय सांगता येतंय का. येत असेल तर थांबा, शिका, काम नीट करा. काही गाळावं लागत असेल तर जे गाळलंत तेच सोडायचं कारण.

सध्या मी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा देतेय, बीकेसीत आहे ती संस्था, १९५५ पासूनची. पुस्तकं लोकलमध्ये उभ्याने वाचता येत नाहीत म्हणून मुलगी झोपल्यावर वाचते. तो अभ्यास कंपनीचा नाही, माझा आहे, आणि विम्याचा कायदा वाचताना मला जी मजा येते ती कुठल्याही टाउनहॉलमध्ये आली नाही. आणि क्लेम डिपार्टमेंटमध्ये एक जागा निघालीय, अंतर्गत. अर्ज टाकलाय, पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. पगार तोच राहील पण रिटेन्शनचा इन्सेन्टिव्ह जाईल, घरी आम्ही दोघांनी बसून हिशोब केला, ओढाताण होईल पण घराचा हप्ता बसतो. नाही झालं तर इथेच राहीन, आणि फोनच्या स्क्रिप्टमध्ये "पॉलिसीधारक हयात आहेत का, नसतील तर तारीख काय" हा प्रश्न पहिल्या ओळीत यावा म्हणून जो पाठपुरावा लावलाय तो चालू ठेवीन. आत्ता तो प्रश्न हप्त्याची आठवण, लेट फी आणि पेमेंटची लिंक या सगळ्यानंतर येतो, आणि तोपर्यंत समोरच्याने बरेचदा फोन ठेवलेला असतो.